दस्त्यावरचा पोचा

मंगळवारी सकाळी मी चहाचा कप पुढे केला तेव्हा बाबा म्हणाले, “अहो, तुम्ही घेतलात का?” झालं ते एवढंच. परक्याला वाटलं असतं, काय सभ्य म्हातारा आहे. पण या माणसाने मला जन्मापासून, म्हणजे बावन्न वर्षं, ‘अरे’ म्हटलं आहे. अरे, दार लाव. अरे खुळ्या, कुठे उलथला होतास. माझ्या लग्नात चारचौघांसमोर, अरे खुळ्या, कॉलर नीट कर. खुळ्या हे माझं घरातलं नाव, आणि त्या नावाचा मला पोरवयात इतका राग यायचा की मी ओ द्यायचो नाही. गेल्या वर्षभरात बाबांचं एकेक सुटत गेलं. आधी वार गेले, मग शेजारी, मग आई आता नाही हेही गेलं, आणि दर वेळी मी मनाशी म्हणायचो, असू दे, आपण तर आहोत ना अजून त्यांच्या डोक्यात. बायको मला अहो म्हणते. गिऱ्हाइकं अहो म्हणतात. आई अरे म्हणायची, तिला जाऊन नऊ वर्षं झाली. चहा निवेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला अरे म्हणणारं माणूस आता कुठेच उरलेलं नाही, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडून उभा राहिलो. “सकाळचं असतं तसं,” बायको म्हणाली, “दुपारपर्यंत येतील ठिकाणावर.” दुपारी बाबांनी मला विचारलं, तुम्हाला मुलंबाळं किती.

संकटं एकटी येत नाहीत म्हणतात, पण हे संकटही नव्हतं, नुसतं एक पाकीट होतं. पोलीस ठाण्याचा शिक्का मारलेलं. डॉक्टरांनी बाबांच्या कागदावर जे लिहून दिलं होतं ते फिरत फिरत तिथे पोचलं होतं, आणि आता परवानाधारकाची प्रकृती पाहता परवाना संपला, सोमवारी अकरापर्यंत बंदूक आणून जमा करा, असं दोन ओळींत लिहिलं होतं. काडतुसं आम्ही वर्षापूर्वीच देऊन टाकली होती, जुन्या बिस्किटाच्या डब्यातून. उरली होती ती दुनळी बंदूक. बाबा एकतीस वर्षं एका बँकेच्या दारावर ती घेऊन उभे होते. बंदूक त्यांची स्वतःची, परवानाही त्यांचा, त्यावरच तर नोकरी मिळालेली. एकतीस वर्षांत एकही बार काढला नाही. लोक गमतीने विचारायचे, काय हो, कधी चालते का ही, आणि बाबा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, चालू नये म्हणून तर मी उभा आहे. मला शाळेत या उत्तराची लाज वाटायची. इतर मुलांचे बाप काही ना काही करत होते. माझा बाप काही होऊ नये म्हणून दिवसभर उभा राहायचा.

आता ती बंदूक म्हणजे त्यांची संध्याकाळ होती. पाच वाजले की ते अस्वस्थ व्हायचे, खिडकीकडे बघायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे, आणि मी कपाटाच्या वरून ती काढून त्यांच्या मांडीवर द्यायचो. मग त्यांचे हात चालायला लागायचे. डोळ्यांना काही ओळखू येत नव्हतं, पण बोटांना येत होतं. लाकडी दस्त्यावरून अंगठा फिरायचा आणि जिथे थांबायचा तिथली गोष्ट निघायची. हा ओरखडा शटरचा, मॅनेजरने न बघता खाली ओढलं. इथे गुळगुळीत झालंय ते माझ्या तळव्याचं. ही बारीक चीर एका उन्हाळ्यातली, लाकूड तडकलं. रोज त्याच क्रमाने, एकही चूक नाही. आणि शेवटी टाचेजवळ, जिथे दस्ता खांद्याला लागतो त्याच्या जरा वर, चिंचोक्याएवढा एक पोचा होता, तिथे अंगठा बसायचा तो बसायचाच. “आणि हा आमच्या खुळ्याचा,” ते म्हणायचे. बुधवारी मी हळूच विचारलं, “खुळ्या कोण?” बाबांनी माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. “मुलगा आमचा. लहान आहे अजून.” मग आवाज खाली आणून, “कुणाला बोलू नका हां.” मी म्हटलं नाही बोलत. बायको दारातून बघत होती, ती आत निघून गेली.

त्या पोच्याची गोष्ट मला कुणी सांगायला नको होती. मी सात वर्षांचा होतो. बाबा कामावर निघायचे तेव्हा बंदूक दाराशी टेकवून बूट घालायला बसायचे, आणि त्या दिवशी नाडी तुटली म्हणून दुसरी शोधायला आत गेले. मी बंदूक उचलली. म्हणजे उचलायला गेलो, ती उचलली गेलीच नाही, तिरपी झाली, आणि दस्ता दाराच्या दगडी उंबऱ्यावर आपटून माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आला. बाबा आतून धावत आले आणि त्यांनी आधी बंदूक बघितली. हे मी पंचेचाळीस वर्षं धरून ठेवलं आहे. माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं, नख उलटं झालं होतं, आणि माझा बाप बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळ्यांतून उजेडाकडे बघत होता, मग दस्त्यावरून हात फिरवत होता. आई मला उचलून घेऊन गेली. बाबा एक शब्द बोलले नाहीत, बूट घातले आणि कामावर गेले. पंधरा दिवसांनी त्यांची बदली झाली, बँकेच्याच गावाबाहेरच्या गोदामावर, तिथेच राहायचं, एक रविवार सोडून एक रविवार घरी. तीन वर्षं. मी आईला विचारायचो, माझ्यावर रागावून गेले का? आई म्हणायची, त्यांनाच विचार. रविवारी ते यायचे, मी विचारायचो नाही. नख पुन्हा आलं ते जाड आणि वाकडं आलं, अजून तसंच आहे, चपलेतून दिसतं.

मी लाकडाला पॉलिश करतो. कपाटं, मेजं, पलंग, लोकांच्या मेलेल्या आजोबांच्या खुर्च्या. हात बरा आहे माझा, हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. कामाला हात लावण्याआधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारतो: यातलं काय ठेवायचं? कारण मागे एका बाईंच्या जेवणाच्या मेजावरचा काट्याने कोरलेला वेडावाकडा मजकूर मी घासून साफ केला, आणि त्या बाई नुसत्या त्या जागेवर हात ठेवून बसून राहिल्या. मुलीने कोरलं होतं, मुलगी आता लांब कुठेतरी होती. त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय घासायचा कागद लावत नाही. आणि शुक्रवारी, स्वतःच्या घरात, मी कुणालाच काही विचारलं नाही.

का केलं, ते मला तेव्हा अगदी स्पष्ट होतं. सोमवारी ठाण्यात कुणीतरी ती बंदूक घेणार, उलटीसुलटी करणार आणि कोपऱ्यात उभी करणार. एकतीस वर्षांची बाबांची बंदूक भंगारासारखी जाऊ नये. नळ्यांवर गंज धरला होता, दस्त्याचं जुनं वॉर्निश काळं पडून चिकट झालं होतं. एवढं तर आपण करूच शकतो. जन्मभर लोकांची कपाटं चमकवली, बापासाठी काय केलं? हे सगळं खरं होतं. पण त्याच्याखाली दुसरं होतं, आणि तेही खरं होतं. रोज संध्याकाळी तो अंगठा त्या पोच्यावर जाऊन बसायचा ते मला बघवत नव्हतं. मला वाटायचं, ती तक्रार आहे. सगळं विसरले, आई गेलेली विसरले, मला विसरले, पण मी बंदूक पाडली हे काही विसरले नाहीत. मला वाटलं, ती जागाच नाहीशी झाली तर कदाचित माफ होईल. आता हे लिहिताना माझे कान गरम होतात, पण तसं वाटलं खरं.

“राहू दे ना जशी आहे तशी,” बायको म्हणाली. “त्यांना तीच ओळखीची आहे.” मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. “मला पॉलिशमधलं नाही कळत,” ती म्हणाली, “बाबांमधलं थोडं कळतं.” औषधं देते ती, आंघोळ घालते ती, रात्री उठते ती, आणि मी तिला म्हणालो, तुला काय कळतंय.

मागच्या गॅलरीत जुनी चादर अंथरून मी बसलो. सगळ्यात आधी बंदूक मोडली आणि दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघितलं. रिकामी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, काडतुसं मीच नेऊन दिली होती, तरी हात आपोआप तिथेच गेला. क्षणभर मी तसाच थांबलो, एक डोळा मिटून. नळीच्या टोकाला आभाळाचा गोल तुकडा दिसत होता. काहीतरी मनात यायला लागलं होतं, बाबांचं ते वाकून बघणं, माझं रक्त, त्यांचे थरथरणारे हात. थरथरत होते का? पण मी ते येऊ दिलं नाही, कामाला लागलो. लांब सळईला फडकं बांधून नळ्या आतून पुसल्या, काळी घाण निघाली, पुन्हा पुसल्या, चौथं फडकं स्वच्छ आलं. बाहेरचा गंज तेल आणि बारीक तारेच्या चोथ्याने हलक्या हाताने काढला. खालचं पोलाद निळसर निघालं, मला बरं वाटलं. मग दस्ता सुटा केला. स्पिरिटने वॉर्निश उतरवलं. वॉर्निशखाली एक वास होता, घामाचा, बाबांच्या खाकी शर्टाचा, गोदामावरून रविवारी यायचे तेव्हा जिन्यातच यायचा तो. मी दुसरं फडकं घेतलं.

पोचा कसा काढायचा हे बहुतेकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, भरतात. भरायचा नसतो. लाकूड तिथे गेलेलं नसतं, दबलेलं असतं. ओलं फडकं घडी करून त्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफ आत शिरते आणि दबलेले धागे फुगून वर येतात, पंचेचाळीस वर्षांनीसुद्धा. मी तीनदा इस्त्री टेकवली. तिसऱ्यांदा फडकं उचललं तेव्हा जागा सपाट होती, नुसता एक ओला डाग राहिला होता, आणि मला, काय सांगू, रडू येईल इतकं हलकं वाटलं. मग सगळं घासून काढलं, जाड कागद, मध्यम, बारीक. शटरचा ओरखडा गेला. चीर गेली. तळव्याची गुळगुळीत जागा होती ती आता सगळीकडेच गुळगुळीत झाली. शनिवारभर मी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्याने गोल गोल चढवत होतो, थरावर थर, आणि रविवारी दुपारी ती बंदूक अशी दिसत होती की दुकानातून आजच आणलीय. मी बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, म्हणाली, “सुंदर झालीय.” आणि मग म्हणाली, “अहो, आता काय होईल?”

पाच वाजता बाबांनी वरचं बटण लावलं. मी बंदूक मांडीवर ठेवली. अंगठा दस्त्यावर गेला, पुढे सरकला, मागे आला. पुन्हा पुढे. दुसऱ्या हाताची बोटंही आली. दोन्ही हात त्या लाकडावरून फिरत होते, टाचेपर्यंत जात होते, तिथे शोधत होते, उलट्या बाजूला शोधत होते. एकही गोष्ट निघाली नाही. खूप वेळाने बाबांनी मान वर केली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते घाबरले होते. “अहो,” ते म्हणाले, “ही माझी नाही. बदललीय कुणीतरी.” मी म्हटलं, बाबा, तीच आहे, मी नुसतं पॉलिश केलं. “नाही हो. माझ्यावर खुळ्याची खूण आहे.” बंदुकीवर म्हणायचं होतं त्यांना, ते म्हणाले माझ्यावर. मग उठले आणि घरभर शोधायला लागले, कपाटामागे, पलंगाखाली, पिठाच्या डब्यात. बायको त्यांच्या मागे मागे फिरून प्रत्येक दार उघडून दाखवत होती, इथे नाही बाबा, आता तिथे बघू. मी खुर्चीवर बसून होतो. मला कळलं होतं मी काय केलं ते. त्या चिंचोक्याएवढ्या जागेत मी अजून राहत होतो, आणि तिथून मला मीच बाहेर काढलं होतं, इस्त्री लावून.

सोमवारी सकाळी ते जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी ठाण्यात जायचे कपडे घातले, पांढरा शर्ट, खिशात पेन, ते पत्र. साडेनऊ वाजले होते. गॅलरीत जाऊन मी हातोडीला फडकं गुंडाळलं आणि टाचेजवळ, जागा आठवून, एक घाव घातला. पोचा पडला, पण तो हातोडीचा पोचा होता, गोल, मध्ये खोल, कुणीही सांगितलं असतं. अशा खोट्या खुणा मी आयुष्यभर ओळखत आलोय, नव्या मालाला जुना म्हणून विकणारे करतात तशा. मी हातोडी ठेवली. मग बंदूक घेऊन दाराशी गेलो. दगडी उंबरा तोच आहे, फक्त मधोमध झिजलाय. बंदूक दाराशी टेकवली, सात वर्षांचं पोर जिथे धरेल तिथे धरली, तिरपी होऊ दिली, आणि हात सोडले.

तो आवाज मी पंचेचाळीस वर्षांनी ऐकला आणि तो तसाच होता. आतून बाबा आले. गेले सहा महिने ते भिंत धरून चालायचे, आता त्या दिवशीसारखेच धावत आले. वाकले, बंदूक उचलली, मोडली, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघितलं, श्वास सोडला, मिटली. हात थरथरत होते. तेव्हाही थरथरत होते, आता मला दिसलं. मग अंगठा दस्त्यावरून गेला आणि टाचेजवळ उंबऱ्याच्या नव्या पोच्यावर थांबला. थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, पांढरा शर्ट, खिशातलं पेन, हातातलं शिक्क्याचं पत्र, आणि ताठ उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “माझ्याच हातून पडली.”

“कुठे?” मी म्हटलं.

“जिन्यात. पाय घसरला.”

“घरात कुणी हात लावला होता?” हे मी का विचारलं, मला माहीत नाही. माझ्या तोंडून दुसराच कुणी विचारत होता, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा बँकेचा कुणी तपासणीवाला.

“नाही साहेब. घरात कोण लावणार? बायको बंदुकीजवळ येत नाही. आणि पोरगं शाळेत होतं.” त्यांनी वरचं बटण चाचपलं. “साहेब, चूक माझी आहे. मला दारावरून काढा, गोदामावर पाठवा, मी जातो. पण पोराचं नाव यात घालू नका. सात वर्षांचं आहे. आपल्यामुळे बापाची नोकरी गेली, असं त्याच्या मनात राहील जन्मभर. खुळं आहे ते, मनाला लावून घेतं.”

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, ओला हात तोंडावर. मी पत्र उलटं केलं, पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: जिन्यात पाय घसरून पडली. बाबा वाकून बघत होते. “आणि गोदामावर जायची गरज नाही,” मी म्हटलं. “तुम्ही घरीच राहा.”

“उपकार झाले साहेब,” बाबा म्हणाले, आणि दोन्ही हातांनी बंदूक माझ्याकडे दिली.

साहेबाने काम झाल्यावर थांबायचं नसतं. मी बंदूक घेतली, बाहेर आलो, बाबांनी माझ्यामागे दार अदबीने लोटलं. जिन्यापाशी मी चपला शोधत होतो, दिसत नव्हत्या, डोळ्यांसमोर सगळं पाणी. आणि आतून आवाज आला, हळू, आतल्या खोलीकडे तोंड करून कुणाला तरी बोलवावं तसा.

“अरे खुळ्या, ये बाहेर. गेले साहेब. अरे, ये ना. अंगठा बघू तुझा, फार लागलं का रे?”

मी दाराला हात लावला. नुसतं ढकलायचं होतं. पण मी आत पाऊल टाकलं की पुन्हा साहेब झालो असतो, फार तर अहो.

“नाही लागलं, बाबा,” मी दाराबाहेरूनच म्हणालो.

“खोटं बोलू नकोस. दाखव इकडे.”

मी बंदूक छातीशी धरून तिथेच उभा राहिलो. अनवाणी उजवा पाय बंद दाराच्या फळीजवळ पुढे केला, आणि म्हणालो, “हे बघा ना, इथे. थोडंसं लागलंय.”